बायोकेमिस्ट्री की बायोफिजिक्स? सरकारी विद्यापीठात एमएस्सी केलेल्यांनी कृपया लिहा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी कराडजवळच्या एका कॉलेजात बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र. गेल्या वर्षी एका पेपरात एन्झाइम कायनेटिक्सचा छोटासा भाग होता, तेव्हापासून प्रथिनांनी डोक्यात घर केलंय. अमिनो आम्लांची एवढी लांब साखळी पेशीतल्या पाण्यात तयार होते, स्वतःची नेमकी घडी घालून घेते आणि मग कामाला लागते. हे कसं होतं ते मला नीट शिकायचंय. नुसतं पाठ करायचं नाहीये.

घरात तीन मतं. दादा म्हणतो ऑरगॅनिक केमिस्ट्री कर, कंपनीत लगेच घेतात. बाबा म्हणतात बीएड कर. मामांना एका खाजगी विद्यापीठाचं बायोटेक आवडलंय, पण त्याची फी आमच्या आवाक्यातली नाही. ऊस आणि थोडी भाजी, एवढ्यावर घर चालतं. त्यामुळे शिकायचं तर सरकारी विद्यापीठातच, हे माझ्याकडून पक्कं आहे.

तुम्ही बायोकेमिस्ट्री किंवा बायोफिजिक्स केलं असेल तर सांगा: रोज नेमकं काय शिकता, प्रयोगशाळेत हाताला काय लागतं, दोन्हींत फरक काय आणि पुढे काय होतं? रसायनशास्त्रातून आलेल्यांना जड जातं का?

---

भाऊसाहेब_गडहिंग्लज

पहिल्या धाग्याबद्दल अभिनंदन. वाचतोय. भाचा याच पेचात आहे.

---

आठळी

कृष्णाकाठची, मी मूळची राजापूरची. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बायोकेमिस्ट्री केलं आणि त्या दोन वर्षांबद्दल विचारशील तर तासभर बोलेन.

रोजचं सांगते. पहिल्या वर्षी प्रथिनं, एन्झाइम्स, चयापचय, न्यूक्लिक आम्लं. प्रॅक्टिकलला बटाट्यातून ॲसिड फॉस्फटेज काढ, यीस्टमधून इन्व्हर्टेज काढ, ब्रॅडफर्डने प्रथिन मोज, जेल लाव. एन्झाइमचा वेग काढायचा म्हणजे सब्स्ट्रेट वाढवत जायचं आणि दर मिनिटाला रीडिंग घ्यायचं. आलेख वाकून सपाट होताना पहिल्यांदा स्वतःच्या आकड्यांत दिसतो ना, तेव्हा मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली इन्व्हर्टेजवरच केलेलं काम एकदम आपलं वाटायला लागतं.

माझा प्रोजेक्ट फणसावर होता. फणसाच्या आठळ्यांत जॅकॅलिन नावाचं लेक्टिन असतं, म्हणजे ठराविक साखरेला धरून ठेवणारं प्रथिन. आठळ्यांची वरची चिवट साल काढायची, बफरमध्ये वाटायच्या, गाळून सेंट्रिफ्यूज करायचं. वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट चिमूट चिमूट घालायचं, बर्फात, हळू ढवळत. घाई केली की फेस येतो आणि फेसात प्रथिन खराब होतं. हळूहळू पाणी गढूळ होतं. तो गढूळपणा म्हणजेच तुझं प्रथिन. मग रात्रभर डायलिसिसच्या पिशवीत ठेवून मीठ काढायचं आणि गवारगमच्या कॉलमवरून सोडायचं. गवारगममध्ये गॅलॅक्टोज असतं, जॅकॅलिन त्याला चिकटून बसतं, बाकीचं सगळं वाहून जातं. मग गॅलॅक्टोजचं पाणी सोडलं की ते कॉलमला सोडून बाहेर येतं.

ते काम करतंय का हे बघायला तांबड्या पेशी. छोट्या खळग्यांच्या प्लेटमध्ये लेक्टिन निम्मं-निम्मं पातळ करत जायचं आणि धुतलेल्या तांबड्या पेशी घालायच्या. लेक्टिन नसेल तर पेशी तळाशी घरंगळून मधोमध लाल टिकली होते. असेल तर पेशी एकमेकींना धरतात आणि तळभर जाळी पसरते. सकाळी येऊन ती प्लेट उजेडावर धरायची, ओळीत जाळी कुठे संपते आणि टिकली कुठे सुरू होते ते बघायचं. हे मला आजही करायला आवडेल.

या जॅकॅलिनची त्रिमितीय रचना बंगळूरच्या आयआयएस्सीत क्ष-किरणांनी काढली गेली, १९९६ साली. आजी पावसाळ्यात आठळ्या भाजून द्यायची, त्याच आठळ्यांतल्या रेणूचं अणू-अणूचं चित्र आहे हे तिला सांगितलं तेव्हा तिने मला दोनदा बोलायला लावलं.

रसायनशास्त्राच्या मुलांना जड जात नाही, उलट सोपं जातं. आमच्या वर्गात पीएच आणि बफर नीट समजलेली मुलं बहुतेक केमिस्ट्रीचीच होती.

---

खवय्या_सावंतवाडी

आठळीताई, आठळ्या बफरमध्ये वाटल्या इथपर्यंत वाचून जीव खालीवर झाला. आमच्याकडे आठळ्या कोळंबीत घालतात. बाकी प्रतिसाद फार सुरेख.

---

आठळी

@खवय्या, प्रोजेक्टमधून उरलेल्या आठळ्या हॉस्टेलवर उकडून खाल्ल्या आहेत. उकडल्यावर लेक्टिन निकामी होतं, तेव्हा बिनधास्त.

---

उंबरठा

आवड वाचून बरं वाटलं, पण कोणीतरी दुसरी बाजू मांडायला हवी.

मी जीवशास्त्राच्याच एका शाखेत एमएस्सी केलं, सेट (प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा) पास झालो आणि बरीच वर्षं तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतोय. सीएचबीवाल्याला तासाप्रमाणे पैसे, तेही महिनोन् महिने उशिरा. सुट्टीत पगार नाही. कायम जागा निघतील म्हणून वाट बघत माझ्या बरोबरीचे किती जण चाळिशीला टेकले. कृष्णाकाठची, तुझे बाबा बीएड म्हणतात त्यामागे त्यांची काळजी आहे. दादाचं म्हणणंही चुकीचं नाही. महाड, कुरकुंभ, तारापूर या पट्ट्यांत ऑरगॅनिकच्या मुलांना काम मिळतं. बायोकेमिस्ट्रीच्या मुलाला एमआयडीसीत कोण विचारतं?

घरची शेतीवर भिस्त असताना दोन वर्षांनंतरचं पोटाचं गणित आज मांडून ठेव.

---

सहकारनगर

@उंबरठा, सीएचबीबद्दल तुमचा शब्दन् शब्द खरा आहे. पण ‘कोण विचारतं’ याला मात्र असहमत. आम्ही विचारतो.

मी पुण्यात बायोसिमिलर औषधं करणाऱ्या कंपनीत ॲनालिटिकल विभागात आहे. बायोसिमिलर म्हणजे मूळ जैविक औषधाशी जुळणारं औषध, आणि ते जुळतं हे आकड्यांनी सिद्ध करावं लागतं. अमिनो आम्लांचा क्रम जुळून भागत नाही, घडीही तशीच हवी. मग आम्ही सर्क्युलर डायक्रॉइझम लावतो (प्रकाश कसा शोषला जातो त्यावरून प्रथिनाची घडी ओळखायची पद्धत), फ्लुरोसन्स बघतो, कॅलरीमीटरमध्ये प्रथिन कोणत्या तापमानाला उलगडतं ते मोजतो. ही सगळी बायोफिजिक्सची यंत्रं आहेत आणि ती कारखान्यात रोज चालतात. पुण्याच्या आसपास लशी आणि जैविक औषधांचं काम मोठं आहे, पुढे हैदराबाद आणि बंगळूर आहेच.

मुलाखतीत आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आम्ही सर्क्युलर डायक्रॉइझमचा एक स्पेक्ट्रम दाखवतो. २०८ आणि २२२ नॅनोमीटरला दोन खड्डे दिसतात. ‘हे काय?’ असं विचारतो. अल्फा हेलिक्स, म्हणजे साखळीची मळसूत्री गुंडाळी, हे उत्तर बरेच जण देतात. मग विचारतो, तापवल्यावर हा आलेख कसा बदलेल आणि का? इथे निम्मी खोली गप्प होते. ज्याने स्वतः प्रथिन तापवून बघितलंय तो बोलायला लागतो, आणि तो कोणत्या विद्यापीठाचा आहे हे मग कोणी विचारत नाही.

पगाराचं खरं सांगतो: सुरुवात बेताची असते, पहिली दोन-तीन वर्षं हात आखडूनच राहावं लागतं. ऑरगॅनिकवाल्यांचीही तीच गत आहे.

कृष्णाकाठचीसाठी आणखी एक. पुणे विद्यापीठात बायोकेमिस्ट्री रसायनशास्त्र विभागातच आहे, त्यामुळे केमिस्ट्रीची मुलगी तिथे परकी पडत नाही. शिवाय एनसीएल, एनसीसीएस, आयसर या संशोधन संस्था जवळ आहेत, प्रोजेक्टसाठी दारं ठोठावता येतात.

---

कलिना_कॅम्पस

मी बायोफिजिक्सवाली. मुंबई विद्यापीठात कलिनाला बायोफिजिक्सचा स्वतंत्र विभाग आहे, हे मुंबईतल्याही पुष्कळांना माहीत नसतं. देशात असे विभाग मोजकेच: चंडीगडला पंजाब विद्यापीठात, दिल्लीला एम्समध्ये आणि चेन्नईला मद्रास विद्यापीठात.

फरक विचारलास. बायोकेमिस्ट हा रेणू काय करतो, कोणाचं कशात रूपांतर करतो, साखळीत पुढे कोण आहे, हे शोधतो. बायोफिजिसिस्ट विचारतो की कोणत्या बलांमुळे, किती ऊर्जेत, किती वेळात. तुझा स्वतःचा प्रश्न बघ: साखळी घडी कशी घालते? हा अगदी बायोफिजिक्सचा प्रश्न आहे. घडी घातलेलं प्रथिन आणि उलगडलेलं प्रथिन यांच्या ऊर्जेतला फरक साधारण ५ ते १५ किलोकॅलरी प्रति मोल असतो. एवढा मोठा रेणू, त्यात शेकडो छोटे बंध, आणि सगळा जमाखर्च झाल्यावर हातात उरतात मोजक्या हायड्रोजन बंधांइतके पैसे. म्हणून थोडा ताप, थोडं आम्ल, एखादं अमिनो आम्ल बदललं, की घडी मोडते. हे कळल्यावर औषधं फ्रिजमध्ये का ठेवतात इथपासून सगळं वेगळं दिसायला लागतं.

आणि सरकारी विद्यापीठ म्हणून कमी लेखू नकोस. जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रास विद्यापीठात काम केलं. १९५२ मध्ये ते तिथे आले. पुरेशी साधनं नव्हती, तरी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकून १९५४ मध्ये त्यांनी गोपीनाथ कार्था यांच्याबरोबर कोलॅजन या प्रथिनाची तिहेरी साखळी मांडली. १९६३ मध्ये रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्याबरोबर रामचंद्रन आलेख दिला. कल्पना ऐक: साखळीतल्या प्रत्येक दुव्याला वळायला दोन कोन आहेत, फाय आणि साय. कुठल्या कोनांना अणू एकमेकांवर आदळतात ते काढून टाका. उरतात ती छोटी बेटं, आणि खरी प्रथिनं त्या बेटांवरच सापडतात. आज जगात कुठेही प्रथिनाची रचना जाहीर करताना या आलेखावर तपासून घेतात.

वेंकी रामकृष्णन यांचंही उदाहरण आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून १९७१ ला फिजिक्सची बीएस्सी, अमेरिकेत फिजिक्समध्येच पीएचडी, आणि त्यानंतर जीवशास्त्र शिकायला पुन्हा विद्यार्थी झाले. रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेच्या) रचनेसाठी २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

---

रिकामा_रेणू

एक शंका, खोडसाळपणा नाही. आता अल्फाफोल्ड हे एआय सॉफ्टवेअर अमिनो आम्लांचा क्रम दिला की प्रथिनाची रचना सांगतं. २०२४ चं रसायनाचं अर्धं नोबेल त्यासाठीच मिळालं. मग कृष्णाकाठचीचा ‘घडी कशी पडते’ हा प्रश्न सुटला नाही का? दोन वर्षं कशाला घालवायची? कोडिंग शिकावं.

---

कलिना_कॅम्पस

@रिकामा_रेणू, शंका रास्त आहे, आमच्या विभागात यावर चहाच्या टपरीवर भांडणं होतात.

अल्फाफोल्ड घडी पडल्यानंतरचं चित्र देतं. घडी पडते कशी, कोणत्या वाटेने, किती वेळात, हे सांगत नाही. औषध किती घट्ट चिकटेल, एक अमिनो आम्ल बदललं तर प्रथिन किती अस्थिर होईल, हे भरवशाने सांगत नाही. पुष्कळ प्रथिनांचे मोठे भाग घडी न घालताच काम करतात, तिथे तर ते चाचपडतंच. आणि मुळात ते शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँक १९७१ पासून आहे. तिच्यात दोन लाखांवर रचना जमल्या आहेत आणि त्यातली एकेक कोणीतरी क्ष-किरण, एनएमआर किंवा क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीने हाताने काढलेली आहे. ते श्रम नसते तर शिकायला काही नसतं.

कोडिंग शिकावं, याला मात्र जोरदार +१. पायथन येत नसलेल्या बायोफिजिक्सच्या विद्यार्थ्याचे आज हाल आहेत.

---

सांबारवडी_नागपूर

हा धागा आज दिसला. सगळे पुण्या-मुंबईचं बोलून राहिले, म्हणून विदर्भाची बाजू मांडतो. नागपूर विद्यापीठातही बायोकेमिस्ट्रीचा पदव्युत्तर विभाग आहे आणि आमच्या भागात हा विषय पुस्तकात राहत नाही, घराघरात आहे. कारण सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, तिकडे नंदुरबार. माझ्या एका मावसभावाला आहे. लहानपणी थंडीत, तापात त्याचे हातपाय असे दुखायचे की आई रात्रभर शेकत बसायची. गावात म्हणत वात आहे. एमएस्सीला हिमोग्लोबिन शिकलो तेव्हा समजलं की साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आलंय, एवढाच फरक. ग्लुटामिक आम्लावर भार असतो, ते पाण्यात रमतं. व्हॅलीन पाण्यापासून अंग चोरतं. ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिनच्या पाठीवरचं हे व्हॅलीन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसतं, मग त्याचं पुढच्यात, आणि लांब दोरे तयार होतात. पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिनीत अडकते.

ही झाली बायोकेमिस्ट्री. आता बायोफिजिक्स बघा. दोरे लगेच होत नाहीत, आधी काही वेळ काहीच घडत नाही आणि मग एकदम सगळं गोठतं. हा थांबण्याचा काळ हिमोग्लोबिनच्या संहतीवर भयंकर अवलंबून असतो, संहतीच्या सुमारे ३० व्या घातापर्यंत. म्हणजे पेशीतलं हिमोग्लोबिन थोडंसं पातळ झालं तरी तो काळ कित्येक पटींनी लांबतो. तेवढ्यात तांबडी पेशी बारीक वाहिनीतून निसटून फुफ्फुसाकडे पोचली, की ऑक्सिजन मिळतो आणि दोरे होतच नाहीत. या पेशंटांना पाणी भरपूर प्या असं डॉक्टर का सांगतात, आणि हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढलं की आराम का पडतो, हे या एका आकड्यातून समजते. मी हे भावाला कागदावर काढून दाखवलं. आता तो बाटली जवळ ठेवल्याशिवाय घराबाहेर पडत नाही.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, २०४७ चं उद्दिष्ट ठेवून. तपासणीला माणसं लागणार आहेत: सोल्युबिलिटी टेस्ट, इलेक्ट्रोफोरेसिस, एचपीएलसी. हे काम बायोकेमिस्ट्रीच्या मुलांचं आहे. @उंबरठा सर, कोण विचारतं याचं माझं उत्तर हे.

---

भाऊसाहेब_गडहिंग्लज

सांबारवडी, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका. ३० वा घात हे भाच्याला वाचून दाखवलं, तो उठून बसला.

---

जुनी_जोगेश्वरी

वरचे प्रतिसाद वाचून कमलाबाई सोहोनींची आठवण झाली. मुंबई विद्यापीठातून १९३३ मध्ये बीएस्सीला पहिल्या. बंगळूरच्या आयआयएस्सीत अर्ज केला तर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. त्या जाऊन ठाम राहिल्या, तेव्हा एक वर्ष पारखून बघण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिज. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हे पेशीच्या श्वसनाला लागणारं प्रथिन असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. मायदेशी येऊन मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये बायोकेमिस्ट्री शिकवली, नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, पुढे संस्थेच्या संचालकही झाल्या. दुर्गाबाई भागवतांच्या या धाकट्या बहीण. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री!

आठळीने बटाट्यातून एन्झाइम काढलं म्हणते, तेव्हा कमलाबाईंचं नाव घ्यायलाच हवं.

---

वडाच्या_पारंब्या

कमलाबाईंबद्दल नितांत आदर. फक्त शेवटच्या वाक्यात दुरुस्ती: वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डीएस्सी १९३१ मध्येच मिळाली होती. दोघी आपल्याच, दोघींचं नाव राहू दे.

---

जुनी_जोगेश्वरी

धन्यवाद, पारंब्या. जानकी अम्मल यांच्यावर वेगळा धागा काढा की, मी नक्की वाचेन.

---

ऑरेगॉनचा_पाऊस

सांबारवडीच्या प्रतिसादाला जोडून. मी कोर्व्हालिसला ऑरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडी करतो. हेही सरकारी विद्यापीठ, आणि बायोकेमिस्ट्री आणि बायोफिजिक्स हा इथे एकच विभाग आहे. लायनस पॉलिंग इथलेच, १९२२ चे पदवीधर. तेव्हा हे शेतकी कॉलेज होतं. मध्ये घरी पैशांची अडचण आली आणि शिक्षण थांबायची वेळ आली, तेव्हा कॉलेजने त्यांना विद्यार्थी असतानाच वर्षभर पृथक्करणाचा विषय शिकवायला ठेवलं. पुढे याच पॉलिंगनी १९४९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर सिकलसेलचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं हे दाखवलं आणि त्याला ‘रेण्वीय आजार’ म्हटलं. १९५१ मध्ये अल्फा हेलिक्स मांडलं, म्हणजे सहकारनगरांच्या मुलाखतीतले ते दोन खड्डे. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी काढलेल्या कॉलेजातून हा माणूस आला, हे कृष्णाकाठचीने घरी सांगावं.

बाहेर यायचा विचार पुढे आला तर: इथे एमएस स्वतःच्या पैशांनी महाग पडतं. पीएचडीला मात्र साधारणपणे फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबद्दल दरमहा मानधन मिळतं. मी पदवीच्या मुलांची प्रॅक्टिकलं घेतो. अर्जात सगळ्यात जास्त वजन प्रयोगशाळेतल्या अनुभवाला आणि जवळून ओळखणाऱ्या शिक्षकांच्या पत्रांना असतं. माझी एमएस्सी मराठवाड्यातल्या विद्यापीठाची आहे. त्याची अडचण झाली नाही.

---

पेशीपुराण

परीक्षांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

प्रवेशासाठी विद्यापीठांच्या स्वतःच्या परीक्षा असतात, त्यांच्या तारखा वेगवेगळ्या, जाहिरातीवर नजर ठेव. जोडीला जॅम या एमएस्सी प्रवेशाच्या देशपातळीवरच्या परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा किंवा केमिस्ट्रीचा पेपर दे, त्यावर आयआयटी आणि आयआयएस्सीची इंटिग्रेटेड पीएचडी उघडते.

एमएस्सी करताना सीएसआयआर नेट लाइफ सायन्सेस, म्हणजे प्राध्यापकी आणि संशोधनवृत्तीची राष्ट्रीय परीक्षा. २०० गुण, त्यात भाग सी निम्म्याचा, २५ प्रश्न प्रत्येकी ४ गुणांचे. तो भाग पाठांतराने सुटत नाही. आलेख देतात, जेलचं चित्र देतात आणि निष्कर्ष विचारतात. म्हणून प्रॅक्टिकलच्या वहीत दुसऱ्याचे आकडे उतरवणारी मुलं तिथे अडकतात. जेआरएफ (संशोधनवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० आणि वर घरभाडं. गेट या दुसऱ्या राष्ट्रीय परीक्षेच्या लाइफ सायन्सेसमध्ये रसायनशास्त्र सक्तीचं आहे आणि बायोकेमिस्ट्री निवडता येते, तुझ्यासारखीला हा पेपर सोयीचा.

पीएचडीसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. एमएस्सीच्या फीसाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कोणती योजना लागू होते ते कॉलेजात आत्ताच विचार, उत्पन्नाचा दाखला वेळेत काढून ठेव. दाखल्यासाठी ऐन वेळी तहसीलच्या खेपा घालणारी मुलं दरवर्षी बघतो.

---

उंबरठा

सगळं वाचलं. सांबारवडी, तुमच्या भावाची गोष्ट मी उद्या वर्गात सांगणार आहे.

माझं मत थोडं बदललं, पूर्ण नाही. कंपनीत किंवा तपासणीच्या कामात जागा आहेत हे मान्य. पण विभागाविभागात फार फरक आहे आणि त्याबद्दल धाग्यात कोणी बोललं नाही. मी ज्या विभागात शिकलो तिथे स्पेक्ट्रोफ्लुरोमीटर होता, त्यावर वर्षभर प्लॅस्टिकचं आवरण होतं. दिवा गेला होता आणि नव्याची निविदा अडकली होती. उणे ८० चा फ्रीझर दिवाळीच्या सुट्टीत बंद पडला, जनरेटर चालू झाला नाही, आणि दोन पीएचडीच्या मुलींचे सगळे नमुने गेले. त्या पोरी फ्रीझरसमोर उभ्या होत्या ते मी बघितलंय. शिक्षकांच्या निम्म्या जागा रिकाम्या. अभ्यासक्रम कागदावर उत्तमच असतो. कृष्णाकाठची, प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन बघ.

---

आठळी

उंबरठा सरांना पूर्ण अनुमोदन. कोणाला भेटायचं तर दुसऱ्या वर्षाच्या मुलांना. प्रॅक्टिकल गटात किती जण असतात, यंत्राला स्वतः हात लावता येतो की सर लावतात आणि तुम्ही बघता, प्रोजेक्ट सहा महिन्यांचा खरोखर होतो का, बाहेरच्या संस्थेत जाऊ देतात का, हे ती मुलं घडाघडा सांगतात. यंत्रांच्या शेजारी लॉगबुक असतं, त्यातली शेवटची तारीख बघ.

---

सुगरण_साताऱ्याची

मुलीची आई म्हणून विचारते, विद्यापीठाच्या हॉस्टेलला जागा मिळते का? प्रयोग रात्री चालतात म्हणता, मग रात्री परतायचं कसं?

---

आठळी

सुगरणताई, प्रवेशाबरोबरच हॉस्टेलचा अर्ज टाकायचा, गुणवत्तेवर यादी लागते. माझं हॉस्टेल आवारातच होतं. उशीर होणार असेल तर विभागाचं पत्र रेक्टरना द्यावं लागे आणि आम्ही मुली जोडीने परतायचो. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, तो विचारून घ्यावा.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल जेवताना बाबांना पॉलिंगचं आणि सांबारवडीदादांच्या भावाचं वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, ‘बघून ये मग.’ दादा अजून ऑरगॅनिकवर आहे, पण पुण्याला सोबत येतो म्हणालाय.

ठरवलंय ते असं: कोल्हापूर आणि पुणे दोन्हीकडे बायोकेमिस्ट्रीचे फॉर्म, आणि कलिनाला बायोफिजिक्सचा. उन्हाळ्यात पायथन सुरू करते. एकच भीती राहिलीय. माझं गणित बारावीपर्यंतचं आणि बीएस्सीच्या पहिल्या वर्षात थोडंसं. बायोफिजिक्सला तेवढं पुरेल का?

---

कलिना_कॅम्पस

पुरेल, जर हे चार धडे परत घट्ट केलेस तर: लॉगॅरिदम, साधं कलन, पहिल्या क्रमाची विभेदक समीकरणं आणि थोडी संभाव्यता. आमच्या वर्गात जीवशास्त्रातून आलेल्या मुली होत्या, त्यांनी पहिल्या सेमिस्टरला बसून भरून काढलं. फूरिए रूपांतर विभागात शिकवतील, त्याची आत्तापासून धास्ती नको. बोल्ट्झमनचं वितरण मात्र आत्ताच वाच, घडीच्या तुझ्या प्रश्नाला पहिल्या दिवसापासून तेच लागणार आहे.

मुलाखतीत ‘केमिस्ट्री सोडून इकडे का?’ असं हमखास विचारतात. तेव्हा या धाग्यातल्या तुझ्या पहिल्या पोस्टमधलं साखळीचं वाक्य जसंच्या तसं सांग.

---

सहकारनगर

पुण्याला याल तेव्हा शनिवार टाळा, विभागात फारसं कोणी नसतं. दादालाही घेऊन ये. ॲनालिटिकलमध्ये आमच्याकडे ऑरगॅनिकची मुलंही आहेत, त्याला त्यांच्याशी बोलायला आवडेल. विपू (विचारपूस) करतो.